खांबाला अनुदान, तेलाला वर्गणी

मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल तेल लावावे लागते. कमी पडले तर कातडी सोलवटते, जास्त झाले तर पकड सुटते. खांब सागवानी किंवा शिसवी. एकदा नीट पुरला की वर्षानुवर्षे हलत नाही. तेल मात्र सतत लागते. कुस्तीच्या हौदाचेही तसेच. लाल माती एकदा आणून टाकली म्हणजे झाले, असे होत नाही. ती उकरायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून पुन्हा मळायची. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा, तालमी आणि आरोग्याचे काम करणाऱ्या लहान संस्थांची पैशाची ओढाताण समजून घ्यायची तर इथून सुरुवात केलेली बरी. खांबासाठी पैसे मिळवण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. तेलासाठी फारशा नाहीत. आणि तेल तरी स्वस्त. वस्तादाचे, प्रशिक्षकाचे, वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यताईचे मानधन हे खरे दुखणे.

हा प्रश्न केवळ तालमींच्या हौसेचा राहिलेला नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये जगभरच्या शारीरिक हालचालींचा आढावा छापला. त्यानुसार २००० साली भारतातले सुमारे २२ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हा आकडा ४९ टक्क्यांच्या पुढे गेला. पुरेशी म्हणजे तरी किती? आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे किंवा तेवढ्या श्रमाचे दुसरे काही. निम्म्या देशाला तेवढेही जमत नाही. त्याच देशात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींच्या घरात गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आले. औषधांवर, तपासण्यांवर, शस्त्रक्रियांवर खर्च करायला सरकार आणि विमा कंपन्या तयार असतात. पण ज्या मंडळामुळे गल्लीतली चाळीस मुले आणि वीस बायका रोज संध्याकाळी मैदानावर येतात, त्या मंडळाचे वीजबिल कोणी भरायचे, हा प्रश्न कुठल्याच खात्याच्या नीटशा अखत्यारीत येत नाही.

पूर्वी तो राजाच्या अखत्यारीत येत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये प्रसार केला. संस्थानांच्या बाहेर हे काम लोकांनी अंगावर घेतले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरच्या शिवाजी पार्कचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. अमरावतीच्या मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. या संस्था वर्गणीवर, देणग्यांवर आणि फुकट शिकवणाऱ्या माणसांवर चालल्या. शेवटची बाब हिशेबात कधी आली नाही, म्हणून व्यायामशाळा चालवायला फारसा खर्च येत नाही, असा समज रूढ झाला. तो अजून गेलेला नाही.

दात्यांच्या गोष्टीही त्या काळात घडल्या. सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे त्यांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्यासाठी पदरचे पैसे घातले. फडेप्पा चौगुले त्या संघातून मॅरेथॉन धावले. पुढे १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायची वेळ आली, तेव्हा गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही गोष्ट भाषणांत अभिमानाने सांगितली जाते. खरे तर ती व्यवस्थेच्या नाकर्तेपणाची गोष्ट आहे. प्राचार्यांवर घर गहाण टाकायची पाळी यायला नको होती.

आज पैशाचे तीन ठळक झरे आहेत. पहिला राज्य सरकारचा. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या व्यायामशाळा विकास अनुदान आणि क्रीडांगण विकास अनुदान या योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालतात; निधी जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. शाळा, ग्रामपंचायती, नगरपालिका यांच्याबरोबर नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकतात. पैसे मिळतात ते बांधकामाला, दुरुस्तीला, साहित्याला, मैदान सपाट करायला, कुंपणाला. जागा संस्थेच्या नावावर किंवा लांब मुदतीच्या कराराने ताब्यात असावी लागते, आणि शहरातल्या बहुतेक मंडळांची गाडी इथेच अडते. देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत किंवा पालिकेच्या आरक्षित भूखंडावर पन्नास वर्षे व्यायाम चालू असतो, पण कागद कोणाच्याच नावावर नसतो.

दुसरा झरा खासदार-आमदार निधीचा. खासदाराला वर्षाला पाच कोटींची कामे सुचवता येतात, पण ती टिकाऊ मालमत्तेची असावी लागतात. दरवर्षी येणाऱ्या खर्चाला तो निधी चालत नाही. लोकप्रतिनिधींच्या आणि पालिकांच्या अशा निधींतून गेल्या काही वर्षांत बागाबागांतून हिरव्या-पिवळ्या रंगाच्या ओपन जिम उभ्या राहिल्या. सोबत निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी असते. एखादे बेअरिंग गेले की ते बदलायला मात्र पैसे नसतात. मग यंत्राचा दांडा दोरीने बांधून ठेवतात आणि मुले त्यावर झोके घेतात. व्यायाम होतो म्हणायचे.

तिसरा झरा कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांवर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. २०२२-२३ मध्ये देशभरात या खात्यावर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कुठल्या कामांवर खर्च करता येतो, ते दिले आहे. त्यात प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आहे आणि ग्रामीण, राष्ट्रीय व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षणही. शिक्षण आणि आरोग्य यांना मोठा वाटा जातो, खेळाला अगदी किरकोळ. म्हणूनच हुशार संस्था एकाच कामाचा प्रस्ताव कधी खेळ म्हणून, तर कधी आरोग्य म्हणून मांडतात. यात लबाडी नाही. वस्तीतल्या मुलींचा कबड्डीचा वर्ग त्यांचे हिमोग्लोबिन तपासत असेल, तर तो आरोग्याचाच कार्यक्रम आहे.

कायदा कंपन्यांना असेही सांगतो, की आपला कारखाना-कार्यालय जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्या. त्यामुळे चाकण, तळोजा, वाळूजच्या आसपासच्या गावांकडे पैसे वळतात. वाशीम किंवा हिंगोलीतल्या संस्थेला मुंबईतल्या मुख्य कार्यालयाचे दार ठोठावावे लागते.

सीएसआरमध्ये एक गैरसमज पक्का बसला आहे. कंपनीने प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त करू नये, असा नियम आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यांचा खर्च त्यात मोडत नाही. तरीही कित्येक कंपन्यांचे अधिकारी संस्थेच्या अंदाजपत्रकातला हिशेबनिसाचा पगार बघून ‘हे पाच टक्क्यांत बसवा’ म्हणतात. संस्थाही मान डोलावतात, कारण वाद घालून चेक गमावणे परवडत नाही. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये देशातल्या नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा असा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळला. म्हणजे कामागणिक तो बदलतो. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणे चुकीचे आहे.

लहान संस्थेचा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो, ते मांडून पाहू. समजा, एका वस्तीत साठ मुलामुलींसाठी रोज संध्याकाळी खेळ आणि त्यांच्या घरच्यांसाठी रक्तदाब-साखरेची नियमित तपासणी असा कार्यक्रम आहे. प्रशिक्षकाला महिना १२ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. दोन आरोग्यताईंना प्रत्येकी ८ हजार म्हणजे १ लाख ९२ हजार. चेंडू, दोऱ्या, चटया ४० हजार, मैदानाचे भाडे ३६ हजार, तपासणीच्या पट्ट्या आणि साहित्य ३० हजार, हिशेब व लेखापरीक्षण २५ हजार. बेरीज ४ लाख ६७ हजार. यातले ३ लाख ३६ हजार माणसांचे. आता हाच कागद दात्यापुढे ठेवा. चेंडू आणि चटया लगेच मंजूर होतील, कारण त्यांच्यावर कंपनीचे चिन्ह छापता येते. प्रशिक्षकाच्या ओळीवर पेन थांबेल. ‘कोणी स्वयंसेवक नाही का मिळणार?’ सहा महिने मिळतो. सातव्या महिन्यात त्याला नोकरी लागते आणि मैदान ओस पडते.

माणसांवर खर्च केला तर काय होते, याचे उदाहरण लांब शोधायला नको. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांचा मुख्य आधार होत्या गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, महिला आरोग्य कार्यकर्त्या. त्यांना पुनःपुन्हा एकत्र बोलावून शिकवणे हाच कामाचा कणा होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. ही गोष्ट अनुदान मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने नीट वाचावी अशी आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावे फक्त तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या ज्या गृहभेटी सुरू झाल्या, त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

म्हणजे मोजणे हेही खर्चाचे काम आहे, आणि दाता त्यासाठी पैसे देत नसेल तर त्याला पुढे आकडे मागण्याचा हक्क पोचत नाही. बहुतेक अहवालांत काय असते? इतकी शिबिरे, इतके लाभार्थी, इतके टी-शर्ट. शिबिरात साखर जास्त निघालेल्या बाईचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. कारण विचारायला तिच्या घरी पुन्हा जावे लागते. ‘सर्च’, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून गडचिरोलीत दारू-तंबाखू कमी करण्यासाठी ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम उभा केला. त्यातही भर आहे तो गावागावांतल्या संघटनांवर आणि तालुक्यात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर.

सरकारलाही माणसांवर खर्च करता येतो, हे २००७ मध्ये दिसले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली; पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्याची समन्वयक होती. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या जिल्ह्यांत स्थानिक संस्थांना पैसे मिळाले ते बैठकांसाठी, आरोग्य केंद्रांची गावकऱ्यांकडून प्रगतिपत्रके भरून घेण्यासाठी आणि जनसुनवाया भरवण्यासाठी. एकही वीट रचली गेली नाही. गावातल्या बाईने माइक हातात घेऊन अधिकाऱ्याला ‘डॉक्टर कुठे असतात?’ विचारले, हे त्या अनुदानाचे फलित. त्याच अभियानातून गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्च करायची हे गावाने ठरवायचे असते, आणि गावातल्या मंडळाने समितीच्या बैठकीत जाऊन विचारायला हरकत नसते.

विचारायला जाताना हातात कागद लागतात. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदलेली असते. धर्मादाय कार्यालयातला पीटीआर उतारा हा तिचा सातबारा. त्यावरची विश्वस्तांची नावे चालू असली पाहिजेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, असा कलम २२ चा नियम आहे. प्रत्यक्षात जुन्या मंडळांच्या उताऱ्यावर निम्मी नावे दिवंगतांची असतात. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष आले, सत्कार झाले, बदल अर्ज कोणी भरला नाही. किंवा भरला आणि जुन्या गटाने हरकत घेतली, प्रकरण वर्षानुवर्षे पडून. अशा संस्थेला बँक सही बदलून देत नाही, आणि बँक खाते चालत नसलेल्या संस्थेला अनुदान कोण देणार? खंडीभर पदके जिंकणाऱ्या तालमी निव्वळ या एका कागदापायी मागे राहिल्या आहेत.

त्यानंतर प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, ज्यांना सगळे १२ए आणि ८०जी म्हणूनच ओळखतात. त्या पूर्वी एकदा मिळाल्या की कायमच्या असत. २०२० च्या बदलानंतर त्यांचे मुदतीने नूतनीकरण करावे लागते. सीएसआरचे पैसे घ्यायचे तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो आणि निदान तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद हवी. पैसे खर्च झाले की विनियोग प्रमाणपत्र द्यायचे. ते वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडकतो. हे सारे करायला संस्थेला एक जाणता हिशेबनीस लागतो. म्हणजे पुन्हा मानधन.

मोठ्या संस्थेने पैसे आणावेत आणि लहान मंडळांना वाटावेत, हा एक मार्ग होता. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) दुरुस्तीने तो बंद केला. मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेअर बाजाराच्या धर्तीवर निघालेल्या सोशल स्टॉक एक्स्चेंजवर डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूची एक संस्था पहिल्यांदा सूचीबद्ध झाली. कल्पना चांगली आहे, पण तिथे नोंद व्हायला वर्षाचा खर्च निदान ५० लाख रुपये असावा लागतो. गल्लीतली व्यायामशाळा तिथपर्यंत पोचणार नाही.

नाव झालेल्या संस्थेची गोष्ट वेगळी. नागपूरला हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये त्या कामावर बेतलेला ‘झुंड’ हा चित्रपट आला. अशी नावे झाली की दाते आपणहून येतात. त्याच्या आधीची वर्षे काढायची कशी, हा सगळ्यांचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मराठी समाजाकडे बऱ्यापैकी आहे. पुण्यात पितृपक्षात भरणारे ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन संस्थांना थेट लोकांसमोर आणते. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचकांचे धनादेश त्यांच्याकडे जातात. अमेरिकेतले मराठीजन १९७८ पासून महाराष्ट्र फाउंडेशनमार्फत इथल्या कामांना हातभार लावत आले आहेत. अशा देणग्यांना सहसा अटींचे शेपूट नसते. प्रशिक्षकाचा पगार यातून निघतो.

याहून जवळचा दाता म्हणजे त्याच आखाड्यात तयार झालेला माजी विद्यार्थी. तो आता बँकेत आहे, पोलिसात आहे, बेंगळुरूला कोड लिहितो आहे. त्याला वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाची पत्रिका जाते, पैशाचे कोणी विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो. ८०जीची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि दोन हजारांवरची देणगी रोखीने दिली तर जुन्या प्रणालीतही मिळत नाही, तेव्हा करबचतीचे आमिष फार उपयोगी नाही. सरळ मागावे. शंभर जणांनी बँकेतून दरमहा पाचशे रुपये वळते केले तर वर्षाचे सहा लाख होतात. वर मांडलेला ४ लाख ६७ हजारांचा खर्च त्यातून भागतो आणि १ लाख ३३ हजार उरतात. कुस्तीची मॅट तेवढ्यात येणार नाही. तिच्यासाठी पीटीआर उतारा, जागेचा करार आणि तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.